सभागृहाची किल्ली कोणाकडे?

एखाद्या अनुबोधपटावर बंदी आली की पुरोगामी चळवळीत एक ठरावीक क्रम सुरू होतो. निषेधाचे पत्रक निघते, त्यावर पाचपन्नास नामवंतांच्या सह्या होतात, कोठल्याशा सभेत ठराव संमत होतो, वृत्तपत्रांत चार ओळी छापून येतात आणि प्रकरण मिटते. ज्या चित्रपटासाठी हे सारे झाले तो मात्र ठराव मांडणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी पाहिलेला नसतो. पुष्कळदा असेही घडते की ज्या संघटनेने निषेध नोंदवलेला असतो तिच्याच मालकीचे सभागृह त्या संध्याकाळी साखरपुड्यासाठी, नाहीतर साड्यांच्या विक्रीसाठी भाड्याने गेलेले असते. तेथे पडदा लावून तो चित्रपट दाखवावा, असे कोणाच्या मनातही येत नाही.

हा विरोधाभास किरकोळ नाही. स्वतंत्र चित्रपट आणि अनुबोधपट यांची मुस्कटदाबी हा केवळ सेन्सॉरच्या कात्रीचा प्रश्न आहे, अशी समजूत डाव्या आणि समाजवादी चळवळीने वर्षानुवर्षे करून घेतली आहे. वस्तुतः तो प्रथम जागेचा प्रश्न आहे. चित्रपट निर्माण होतात, आज तर पूर्वीपेक्षा किती तरी अधिक होतात. परंतु शेपन्नास माणसांनी एकत्र बसून ते पाहावेत आणि पाहून झाल्यावर त्यांवर मोकळेपणी वाद घालावा, अशा जागा दुर्मीळ झाल्या आहेत. जागा देणे ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती दिली नाही, तर सेन्सॉरविरुद्धचे सारे ठराव कागदावरच राहतील.

कायद्याला भीती कशाची?

चित्रपटाच्या पूर्वतपासणीला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती एका अनुबोधपटाच्याच निमित्ताने, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये चार महानगरांतील ऐश्वर्य आणि दैन्य शेजारी शेजारी मांडणारा एक छोटा अनुबोधपट तयार केला. त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवर सेन्सॉरने हरकत घेतली आणि अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालपत्रात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी पूर्वतपासणी घटनेशी विसंगत नसल्याचा निर्वाळा दिला. चित्रपट माणसाच्या भावना इतर कलांपेक्षा अधिक खोलवर ढवळतो, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. म्हणजे जे वाक्य पुस्तकात कोणाच्याही परवानगीविना छापता येते, तेच पडद्यावर उच्चारायचे तर आधी सरकारी मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

ही भीती प्रतिमेची जितकी आहे तितकीच, किंबहुना अधिक, एकत्र बसलेल्या माणसांची आहे. महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. ब्रिटिश सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. विराटपर्वातील कथा घरोघर वाचली जात होती, तिच्याविषयी साहेबाची काही तक्रार नव्हती. परंतु कीचकात कर्झन पाहणारे आणि त्याच्या वधावर टाळ्या पिटणारे प्रेक्षागृह त्याला सहन होण्याजोगे नव्हते. एकट्या वाचकाचा संताप त्याच्या घरात राहतो. प्रेक्षागृहातील माणसाला मात्र शेजारच्याचाही संताप दिसतो आणि आपण एकटे नाही हे कळते. १८७६ चा तो कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकातून जाण्यास २०१८ साल उजाडावे लागले. त्यामागची वृत्ती मात्र कायम आहे.

दाद मागण्याची वाटही अरुंद होत गेली आहे. सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध चित्रपटकाराला ज्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे ते २०२१ मध्ये सरकारने बरखास्त केले. आता त्याने उच्च न्यायालयात जावे, असे सांगितले जाते. कोट्यवधींचा चित्रपट काढणाऱ्या निर्मात्याला वकिलांची फी परवडेल. दोनचार मित्रांच्या मदतीने आणि उसनवारीने अनुबोधपट पुरा करणाऱ्या माणसासाठी न्यायालयाचे दार उघडे आहे असे म्हणणे, ही न्यायाची थट्टा होय.

दूरध्वनीवरून येणारी बंदी

तरीही सेन्सॉर हा या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. प्रमाणपत्र हाती असले म्हणजे चित्रपट दाखवता येतो असे नाही. आनंद पटवर्धन यांच्या 'राम के नाम' या १९९२ च्या अनुबोधपटाला सेन्सॉरचे 'यू' प्रमाणपत्र मिळाले आहे, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे. असे असूनही २०१९ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद विद्यापीठात त्याचे प्रदर्शन पोलिसांनी थांबवले. २०२४ च्या जानेवारीत त्याच शहरातील एका उपाहारगृहात तो दाखवला जात असता काही लोकांनी येऊन प्रदर्शन बंद पाडले आणि पोलिसांनी अटक केली ती दाखवणाऱ्या बाजूच्या तिघांना. त्या वेळी तेलंगणात काँग्रेसचे सरकार होते, हे विसरून चालणार नाही.

पश्चिम बंगालचे उदाहरण याहूनही बोलके आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत अनिक दत्त यांचा 'भविष्यतेर भूत' हा राजकीय उपहास करणारा चित्रपट प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांतून नाहीसा झाला. लेखी हुकूम कोठेच नव्हता. 'वरून' सूचना आली, एवढेच चित्रपटगृहांचे चालक सांगत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्य सरकारला वीस लाख रुपयांची भरपाई देण्यास सांगितले आणि निदर्शनांची धमकी हे प्रदर्शन रोखण्याचे कारण होऊ शकत नाही, या जुन्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. हे तत्त्व त्याच न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात निःसंदिग्धपणे मांडलेले होते. तीस वर्षांनी ते पुन्हा सांगावे लागले, यावरून राज्यकर्त्यांच्या लेखी त्याची किंमत काय आहे ते कळते.

तात्पर्य, बंदी ही कोणा एका पक्षाची मिरास नाही. सत्तेवर असलेल्या प्रत्येकाला साखळीतील सर्वांत कच्चा दुवा कोणता हे ठाऊक असते. चित्रपटकाराला तुरुंगात टाकले तर त्याचे नाव होते. चित्रपटावर उघड बंदी घातली तर तो पाहण्याची उत्सुकता वाढते. परंतु सभागृहाच्या व्यवस्थापकाला एक दूरध्वनी केला की काम भागते. मग त्या दिवशी वीजदुरुस्ती निघते, अग्निशमनाचा परवाना संपल्याचे आठवते, किंवा 'विश्वस्तांचा निर्णय आहे' एवढे एक वाक्य पुरते. सेन्सॉरच्या निर्णयाची निदान कागदावर नोंद राहते आणि तिच्याविरुद्ध भांडता येते. व्यवस्थापकाच्या भीतीविरुद्ध अपील कोठे करणार?

प्रभादेवीचा धडा

ही साखळी तोडता येते, हे मुंबईने एकदा सिद्ध करून दाखवले आहे. फिल्म्स डिव्हिजनतर्फे १९९० पासून भरणाऱ्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट महोत्सवासाठी, २००४ च्या खेपेस, भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. परदेशाच्या दुःखाबद्दल भारतीय प्रेक्षकाने खुशाल विचार करावा, स्वदेशाच्या दुःखाबद्दल मात्र सरकारने तपासून दिल्यावरच करावा, असा त्याचा अर्थ होता. देशभरच्या अनुबोधपटकारांनी एकजुटीने विरोध केला आणि अट मागे घेणे सरकारला भाग पडले. मग निवडीच्या पायरीवर तेच काम उरकण्यात आले. गुजरातचा नरसंहार आणि तत्सम गैरसोयीच्या विषयांवरील अनेक चित्रपट निवडीतून गळाले.

यावर चित्रपटकारांनी केवळ पत्रक काढले असते तर आज त्याची आठवणही उरली नसती. त्यांनी जागा शोधली. अधिकृत महोत्सव चालू असतानाच प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' या नावाने समांतर महोत्सव भरला आणि पन्नासच्या वर चित्रपट दाखवले गेले. हे भवन भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. त्या पक्षाशी समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते येथे उगाळण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की श्रमिकांच्या राजकारणातून उभी राहिलेली एक इमारत त्या आठवड्यात उपलब्ध होती, तिच्या चालकांनी दार उघडले आणि सरकारचा डाव फसला. पुढे 'विकल्प'चे चित्रपट निरनिराळ्या शहरांत फिरले. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या आवारात दरमहा अनुबोधपट दाखवण्याचा उपक्रमही त्याच प्रेरणेतून अनेक वर्षे चालला.

त्याच वर्षीची दुसरी घटना चळवळीतील प्रत्येक प्रचारप्रमुखाने अभ्यासावी अशी आहे. राकेश शर्मा यांच्या गुजरातविषयक 'फायनल सोल्यूशन' या अनुबोधपटाला सेन्सॉरने २००४ मध्ये प्रमाणपत्र नाकारले. शर्मा यांनी चित्रपटाच्या प्रती फुकट वाटायला काढल्या. अट एकच होती: घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून वाटाव्यात. बाजाराच्या शास्त्राला हे वेड वाटेल, कारण मालकच आपल्या मालाच्या नकला करण्यास सांगत होता. पण चित्रपट घरोघर आणि गल्लोगल्ली पोहोचला, देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षअखेरीपूर्वी सेन्सॉरला प्रमाणपत्र द्यावे लागले. आधी लोकांनी पाहिला आणि मग सरकारने परवानगी दिली, असा हा उलटा क्रम आहे.

टंचाई कशाची?

येथे थोडा अर्थशास्त्रीय विचार आवश्यक आहे. अनुबोधपट एकाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला तो कमी येत नाही. पहिली प्रत तयार होईपर्यंत खर्च फार, त्यापुढे प्रत्येक प्रेक्षकामागे खर्च जवळजवळ शून्य, असा हा प्रकार आहे. अशा वस्तूची किंमत बाजाराला नीट ठरवता येत नाही. बहुपडदा चित्रपटगृहाचा मालक एका खुर्चीतून तिकीट किती आणि मक्याच्या लाह्या किती विकल्या जातील याचा हिशेब मांडतो. त्या हिशेबात धरणग्रस्तांवरचा किंवा सफाई कामगारांवरचा चित्रपट बसणे शक्य नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो त्याचा धंदा करतो. प्रश्न असा की जे बाजार देणार नाही ते कोणी द्यायचे?

स्वातंत्र्यानंतर याचे उत्तर 'शासनाने' असे दिले गेले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य खेळाआधी तिचे चित्रपट दाखवावेत आणि त्याबद्दल निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कमही भरावी, अशी व्यवस्था झाली. त्या चित्रपटांपैकी काही खरोखर उत्तम होते. परंतु प्रेक्षक सक्तीचा, विषय सरकारी आणि प्रश्न विचारण्याची सोय नाही, अशा व्यवस्थेने अनुबोधपट या प्रकाराबद्दलच दोन पिढ्यांच्या मनात कंटाळा निर्माण केला. आणीबाणीत तर ती उघड उघड प्रचारयंत्रणा बनली. जयप्रकाशजींच्या बिहार आंदोलनावरील पटवर्धनांचा 'क्रांती की तरंगें' हा चित्रपट त्याच १९७५ सालचा. तो चोरून तयार करावा लागला आणि फिल्मचे तुकडे करून देशाबाहेर पाठवावा लागला.

आश्चर्य असे की त्याच फिल्म्स डिव्हिजनने २०१२ पासून काही वर्षे स्वतंत्र चित्रपटकारांच्या साहाय्याने मुंबईत आपल्या प्रेक्षागृहात विनामूल्य अनुबोधपट दाखवले, नंतर चर्चा घडवली आणि इतर शहरांतही हा उपक्रम नेला. सार्वजनिक पैशाने उभारलेली जागा खुली ठेवली तर काय होऊ शकते, याचा तो नमुना होता. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि फिल्म्स डिव्हिजन हे स्वतंत्र सरकारी खाते म्हणून संपली. शासनाच्या औदार्यावर उभी असलेली जागा शासनाची मर्जी फिरली की जाते, हा त्यातला बोध.

आता दुसऱ्या टोकाचे उत्तर ऐकू येते: 'सभागृह हवेच कशाला? सगळे मोबाइलवर आहे.' हे मत चळवळीतील तरुणांमध्ये विशेष प्रचलित आहे, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. २०२३ च्या जानेवारीत बीबीसीच्या पंतप्रधानांवरील अनुबोधपटाचे काय झाले ते आठवावे. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांतील तातडीचे अधिकार वापरले आणि यूट्यूब व ट्विटर यांना त्याचे दुवे काढून टाकण्याचा आदेश दिला. एका कार्यालयातून निघालेल्या आदेशाने तो चित्रपट देशभरच्या पडद्यांवरून एकदम काढता येत होता. तो तरीही पाहिला गेला, तो विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन पाहिला म्हणून. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रदर्शनाच्या वेळी वीज गेली, तेव्हा विद्यार्थी अंधारात घोळक्याने बसून हातातल्या यंत्रांवर तो पाहत राहिले.

केंद्रीकरणाचा हा साधा हिशेब आहे. पाचशे गावांतील प्रेक्षक एकाच कंपनीच्या दुव्यावर अवलंबून असले, तर तो दुवा तोडण्यास एक हुकूम पुरतो. पाचशे गावांत पाचशे खोल्या असल्या, तर पाचशे दूरध्वनी करावे लागतात आणि पाचशेपैकी काही माणसे तरी न घाबरणारी निघतात. मोबाइल हे चित्रपट पोहोचवण्याचे उत्तम साधन आहे. परंतु तो चौकाची जागा घेऊ शकत नाही. एकट्याने पाहणारा माणूस हळहळतो, पुढे ढकलतो आणि दुसरे काही पाहू लागतो. चित्रपटातल्या बाईला मजुरी किती मिळते आणि तुझ्या आईला किती मिळत होती, हे विचारणारा शेजारी तेथे नसतो.

टंचाई आहे ती या शेजाऱ्याची. पूर्वी सोळा मिलिमीटरचे यंत्र मिळवणे, प्रत मिळवणे, ती एस.टी.ने आणणे हाच मोठा खर्च होता. आज चित्रपट खिशात मावतो आणि प्रक्षेपक यंत्र साध्या शाळेतही असते. तंत्राचा खर्च कोसळला असताना प्रदर्शने वाढली नाहीत, याचा अर्थ अडसर तंत्राचा नव्हता. अडसर जागेचा आणि ती चालवणाऱ्या संघटनेचा आहे.

खोलीत काय घडते

१९८० मध्ये बंगळुरात दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युगांतर' नावाचा चित्रपटगट स्थापन केला. त्यांचा १९८१ चा 'मोलकरीण' हा अनुबोधपट पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवर आहे आणि १९८२ चा 'तंबाखू चाकिला ऊब आली' निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर. दोन्ही मराठीत, दोन्ही त्या स्त्रियांच्या बरोबर बसून घडवलेले. ते दाखवले गेले कामगारांच्या वस्त्यांत आणि संघटनांच्या बैठकांत. एका गावच्या कामगार स्त्रीने दुसऱ्या गावच्या कामगार स्त्रीला पडद्यावर बोलताना ऐकावे आणि 'आमच्याकडेही असेच' म्हणावे, यासाठी त्यांची निर्मिती होती. या चित्रपटांचे जतन अलीकडे बर्लिनच्या एका चित्रपटसंस्थेच्या साहाय्याने झाले. बर्लिनच्या प्रेक्षकांनी ते आदराने पाहिले. पुण्याच्या आणि निपाणीच्या किती कामगार सभागृहांत ते आज दाखवले जातात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या जिल्हा शाखेला विचारावा.

केरळात जॉन अब्राहम यांच्या 'ओडेसा' गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' काढला आणि गावोगाव फिरून दाखवला. गोरखपुरात २००६ च्या २३ मार्चला, भगतसिंगांच्या हौतात्म्यदिनी, जन संस्कृती मंच आणि तेथील फिल्म सोसायटी यांनी 'प्रतिरोध का सिनेमा' या नावाने महोत्सव सुरू केला. सरकार नको, कंपनी नको, परदेशी निधीही नको. प्रेक्षकांच्या वर्गणीवरच चालवायचे, हे त्यांचे पहिले सूत्र. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेतील अनेक शहरांत असे महोत्सव उभे राहिले. गोरखपूर हे काही कलावंतांचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध नव्हते. तेथे जे होऊ शकते ते सांगलीत, नांदेडात किंवा मालेगावात होऊ शकत नाही, असे कोण म्हणेल?

मुंबईत 'जय भीम कॉम्रेड'च्या प्रारंभीच्या प्रदर्शनांपैकी एक २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाले. १९९७ चा रमाबाई नगरातील गोळीबार आणि शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या यांपासून सुरू झालेला, चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून उभा राहिलेला हा चित्रपट ज्यांच्यावर होता त्यांच्यासमोर, त्यांच्या अंगणात दाखवला गेला. चाळीच्या चौकाला वातानुकूलन लागत नाही. लागते ती चाळीची संमती, आणि ती मिळवणे हेच तर संघटनेचे काम.

गेलेल्या जागा आणि असलेल्या जागा

जागा नाहीशा कशा झाल्या, तेही पाहिले पाहिजे. गिरणगावात परळला ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून उभे होते. कामगार रंगभूमीच्या अनेक पिढ्या तेथे घडल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झाले आणि रंगकर्मींना त्यासाठी आंदोलन करावे लागले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या जमिनीवर अडीच लाख कामगारांचे आयुष्य गेले तेथे दुकानांचे महाल आणि बहुपडदा चित्रपटगृहे उभी राहिली. ज्यांच्या घामाने ती जमीन मोलाची झाली त्यांच्यावरचा चित्रपट तेथे दाखवला जात नाही आणि दाखवला तरी तिकीट त्यांच्या नातवंडांना परवडत नाही.

परंतु सगळ्या जागा गेलेल्या नाहीत. महाराष्ट्रात कामगार संघटनांच्या इमारती आहेत, शिक्षक संघटनांची सभागृहे आहेत, शंभर वर्षांची सार्वजनिक वाचनालये आहेत, सहकारी संस्थांची, हमाल पंचायतींची, बँक कर्मचाऱ्यांची भवने आहेत. त्यांपैकी पुष्कळ अशा माणसांनी उभारली की ज्यांनी त्यासाठी एक दिवसाचा पगार दिला होता. ती महिन्यातून एका संध्याकाळी मिळत नसतील, तर तेथे सेन्सॉर कोण आहे, याचे उत्तर दिल्लीत शोधण्याची गरज नाही.

यावर चळवळीतूनच तीन आक्षेप घेतले जातात. पहिला पैशाचा: भाडे बुडते. एका संध्याकाळचे भाडे हा तोटा नसून त्या इमारतीच्या स्थापनेच्या उद्देशावरील खर्च आहे, हे विश्वस्तांना ऐकवले पाहिजे. दारात डबा ठेवला तर त्यातला काही भाग भरूनही निघतो. दुसरा आक्षेप कायद्याचा. जाहीर प्रदर्शनास प्रमाणपत्र लागते हे खरे. पण प्रमाणपत्र मिळालेले अनुबोधपट इतके आहेत की महिन्याला एक याप्रमाणे कित्येक वर्षे पुरतील. कायदा मोडण्याचा प्रश्न नंतर येतो. आधी कायद्याने दिलेले तरी वापरावे. तिसरा आक्षेप गोंधळाचा: दंगा होईल. त्याचे उत्तर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. धमकी देणाऱ्याला आवरणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. आणि गोंधळाच्या भीतीने घरात बसायचे असेल, तर चळवळ या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

खरी अडचण चौथी आहे आणि ती कोणी उघड बोलत नाही. चळवळीला आपली स्तुती करणारे चित्रपट हवे असतात. मोर्चा, मुठी, घोषणा आणि शेवटी विजय असा चित्रपट असला की सभागृह मिळते. युगांतरचाच १९८३ चा एक तेलुगू चित्रपट घरातल्या नवऱ्याच्या मारहाणीवर आहे. असा चित्रपट कामगार वस्तीत लावला की पहिल्या रांगेतील नेत्यांची चुळबुळ सुरू होते. संघटनेतील जातीबद्दल, बायकांना कार्यकारिणीत न घेण्याबद्दल, फसलेल्या संपाबद्दल जो चित्रपट प्रश्न विचारतो, तो 'शत्रूच्या हाती कोलीत देणारा' ठरतो. असे करणाऱ्यांनी फिल्म्स डिव्हिजनला हसू नये. विषय आपला, प्रेक्षक आपला आणि प्रश्न विचारण्याची सोय नाही, हीच तर तिची रीत होती.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. चळवळीच्या प्रत्येक सभागृहात महिन्याचा एक वार ठरवून टाकावा आणि तो कोणत्याही समारंभासाठी हलवू नये. चित्रपट निवडण्याचे काम पक्षाच्या समितीने स्वतःकडे न ठेवता शिक्षक, विद्यार्थी आणि कामगार स्त्रिया यांच्या छोट्या मंडळाकडे सोपवावे. शक्य तेथे चित्रपटकाराला बोलवावे आणि त्याला प्रवासखर्च व मानधन द्यावे. गरिबांवर चित्रपट काढणाऱ्याने स्वतःही गरीब राहावे, ही अपेक्षा समाजवादी नव्हे. चित्रपटानंतर निदान तासभर चर्चा व्हावी आणि तीत व्यासपीठावरून भाषण होऊ नये. आणि 'वरून' दूरध्वनी आलाच, तर तो पहारेकऱ्याने किंवा बिचाऱ्या व्यवस्थापकाने नव्हे, तर संघटनेच्या अध्यक्षाने घ्यावा, सूचना लेखी मागावी आणि प्रदर्शन वेळेवर सुरू करावे.

यात क्रांती वगैरे काही नाही. चादरीएवढा पडदा, पन्नास खुर्च्या आणि घाबरत नाही असा एक पदाधिकारी, एवढेच हे भांडवल आहे. ज्या चळवळीजवळ तेवढेही नाही, तिने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर ठराव करण्याचे काही दिवस थांबवले तरी चालेल. पुढच्या वेळी असा ठराव मांडला जाईल तेव्हा सभेतील एखाद्या साध्या कार्यकर्त्याने उठून दोनच प्रश्न विचारावेत: हा चित्रपट येथे कोणत्या तारखेला दाखवणार? आणि सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे?